मास्तर सर्चमध्ये सापडत नाहीत

डॉ. श्रीराम लागू हे नाव तुमच्या फोनमधल्या कुठल्याही पैसे भरलेल्या अॅपच्या सर्चमध्ये टाकून बघा. आधी देवनागरीत टाका, आपली भाषा आहे म्हणून. मी टाकलं तेव्हा तीनपैकी दोन अॅपनी कोरी पाटी दाखवली आणि तिसऱ्याने 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत एक दाक्षिणात्य मारधाडपट पुढे केला. मग रोमन लिपीत टाका. श्रीरामला एक आय की दोन ई, लागूच्या शेवटी यू की दोन ओ, हा खेळ चार वेळा खेळलात की नट सापडतो. कशात सापडतो? 'मुकद्दर का सिकंदर', १९७८. तिथे ते राखीचे वडील आहेत. 'लावारिस', १९८१. तिथे अमिताभला लहानपणी सांभाळणारा आणि त्या पोराच्या कमाईवर पिणारा गंगू गणपत. अॅटनबरोंचा 'गांधी', १९८२. तिथे गोपाळ कृष्ण गोखले, थोडा वेळ येतात आणि जातात. 'नटसम्राट' टाकलंत तर नाना पाटेकर येतात, कारण २०१६चा चित्रपट तेवढा यंत्राला माहीत आहे. १९७० साली शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा रंगमंचावर उभे केले ते कुणी, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

आता जे सापडत नाही ते. 'पिंजरा' १९७२, 'सामना' १९७५, 'सिंहासन' १९७९. मी शोधलं त्या आठवड्यात माझ्याकडच्या तिन्ही अॅपवर या तिघांपैकी एकही नव्हता. १९७७चा 'देवकीनंदन गोपाला', ज्यात लागू गाडगे महाराज झाले होते, त्याचं तर नावही पुढे येईना. मृणाल सेनांचा 'एक दिन अचानक', १९८९, तोही नाही. त्यात एक प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो आणि परत येत नाही, मागे घरचे नुसते वाट बघत राहतात. तो प्राध्यापक म्हणजे लागूच.

माझा आक्षेप गैरसोयीबद्दल नाही. गैरसोय आपण रोज सोसतो, सांगली-सातारा एसटीनेही सोसतो. माझा आक्षेप असा आहे की बावीस वर्षांच्या पोरापोरींसाठी आज नट म्हणजे सर्चमध्ये येतो तेवढाच. बाकीचा नट त्यांच्या लेखी झालाच नाही. आणि सर्चमध्ये येतो तो भाग नटाच्या कामातला उत्तम भाग नसतो. ज्या कंपनीकडे ज्या कॅटलॉगचे हक्क एकगठ्ठा आले, तो भाग असतो. हिंदीतले मोठे बॅनर गठ्ठ्याने विकले जातात, मराठीतला एकेक निर्माता एकटा असतो. म्हणून एका माणसाचं आयुष्यभराचं काम एका बाजूने कुरतडलं जातं आणि उरलेल्या तुकड्याला 'बेस्ट ऑफ' असं लेबल लागतं.

दोन दारुडे घ्या. एक 'लावारिस'मधला गंगू गणपत. तो वाईट केलाय असं मी म्हणणार नाही. लागूंनी हिंदीत पोटासाठी केलेल्या कामातही एक कारागिरी आहे. पण तो लिहिलेलाच ठोकळेबाज आहे. दुसरा 'सामना'मधला मास्तर. कधीकाळी स्वातंत्र्यासाठी झगडलेला, आता कुठूनही कुठेही भटकणारा, दाढी वाढलेला, बाटली मिळाली की बसणारा म्हातारा. हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावात येतो. साखर कारखाना पाटलाचा, गाव पाटलाचं, पोलीस पाटलाचे. पाटील त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, कारण सगळं गाव मुठीत असलेल्या माणसालाही आपलं साम्राज्य कुणाला तरी दाखवायचं असतं. मास्तर त्याचीच दारू पितो आणि त्यालाच विचारत सुटतो की मारुती कांबळेचं काय झालं. तेंडुलकरांनी लिहिलेलं, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर निळू फुले. या मास्तरची नशा खरी आहे आणि शुद्धही खरी आहे, आणि कुठल्या क्षणी कुठली चालू आहे हे पाटलाला कळत नाही. म्हणून पाटील घाबरतो. सहा वर्षांच्या अंतराने एकाच नटाने केलेले हे दोन दारुडे शेजारी ठेवून पाहिले असते, तर अभिनय म्हणजे काय यावर वेगळं शिबिर घ्यावं लागलं नसतं. आज तुम्हाला पहिला एका बोटावर मिळतो आणि दुसऱ्यासाठी भटकावं लागतं.

मी भटकले, कारण अण्णांना बघायचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. खटाव तालुक्यात प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झाले. 'सामना' त्यांनी पाहिला होता पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत, तंबूत, जमिनीवर बसून. तंबू थेटरं त्या काळी जत्रेबरोबर गावोगाव फिरायची. पुढे त्यांच्या एकेका प्रोजेक्टरचा शेवट कसा झाला ते 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आहे. तो २०१६ला कानला गेला होता, मिळाला तर जरूर बघा. अण्णांना आता ऐकू कमी येतं. मशीन लावतात, पण मशीन सगळंच वाढवतं, पंख्याचा आवाजसुद्धा. मालिका ते बघत नाहीत. मला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलवर सगळं असतं म्हणतीस, मग मास्तर काढ की."

शेवटी एका चॅनेलवर 'सामना' म्हणून काहीतरी सापडलं. सुरुवातीच्या श्रेयनामावलीला कात्री. चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं, त्यामुळे निळूभाऊ रुंद आणि लागू त्याहून रुंद. कोपऱ्यात चॅनेलचा गरगर फिरणारा शिक्का, नेमका जिथे बसलेल्या माणसाचा चेहरा येतो तिथे. आवाज तर डब्यात बोलल्यासारखा. दर दहा मिनिटांनी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. अण्णा फोन कानाशी धरून ऐकायचे, मग बघायला लांब धरायचे, परत कानाशी. "मास्तर काय म्हणाला?" मी सांगायचे. "आणि पाटील?" तेही सांगायचे. तेंडुलकरांचे संवाद मी माझ्या शब्दांत अण्णांना सांगत होते, म्हणजे बघा काय दर्जाचं चाललं होतं. पाऊण तासाने त्यांनी फोन परत दिला.

लागू मुळात कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात प्रॅक्टिस केली, टांझानियात जाऊन केली, आणि १९६९ला परत येऊन सगळं सोडून नाटकात उतरले. त्यांचा सिनेमा कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाला बघता येऊ नये, यावर मी जास्त काही बोलत नाही.

मराठी सबटायटल ही मागणी केली की लोक हसतात. मराठी सिनेमाला मराठी सबटायटल कशाला? अहो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ज्यांचं मराठी घरात बोलण्यापुरतं उरलं आहे त्या पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या पोरांसाठी. गावाकडच्या बोलीचा एकेक शब्द हेरून ठेवायचा आहे अशांसाठी. परदेशी मालिकांची सबटायटल आपण मुकाट वाचतो, त्यात कमीपणा वाटत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "यूट्यूबवर असेल की". हे वाक्य मी सांगलीत इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर बंदी आणावी. यूट्यूबवर असणं म्हणजे असणं नव्हे. कुणीतरी जुन्या व्हीसीडीवरून चढवलेली फाइल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पुस्तकाच्या अशा प्रतीवर तुम्ही परीक्षासुद्धा देणार नाही. हक्क कुणाचे ठाऊक नाही, म्हणून ती आज आहे आणि उद्या तक्रार आली की नाही. टेलिग्रामवाल्यांचंही तेच. ग्रुप बंद झाला की सिनेमा बंद. त्या ग्रुपवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. अधिकृत दुकान बंद असलेल्या गावात जो पडवीत माल ठेवतो त्याचे उपकारच असतात. पण पडवीला दुकान समजून सगळे गप्प बसले, हा माझा राग आहे.

आणि गंमत पुढे आहे. समजा हक्कांचा प्रश्नच नसेल तर? आपल्याकडे कायद्याने चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९५२चा 'लाखाची गोष्ट' १ जानेवारी २०१३पासून सगळ्यांचा झाला. त्यातला राजा गोसावी आमच्याच खटाव तालुक्यातल्या कुरोली सिद्धेश्वरचा. लिहिणारे ग. दि. माडगूळकर, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. दुष्काळी माणदेशाच्या दोन टोकांच्या दोन माणसांनी, ठरल्या मुदतीत लाख रुपये उधळून दाखवायचे अशा अटीवरचा सिनेमा करावा, यातला विनोद साताऱ्या-सांगलीच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. याच राजाभाऊंबद्दल सांगतात की पुण्याच्या भानुविलासला ते तिकीटखिडकीवर बसायचे आणि स्वतः नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटं विकायचे. इतका दिलदार नट, वर सिनेमा कायद्याने मोकळा. कुणालाही परवानगी न मागता तो स्वच्छ करून दाखवता येईल. पण मला मिळालेली प्रत 'सामना'पेक्षाही वाईट होती. तेव्हा "हक्कांची भानगड आहे हो" हे कारण मी अर्धंच मानते. हक्क सुटून दशक उलटलं तरी जर कुणी हात लावत नसेल, तर भानगड आपल्या आळसाची आहे.

याच हिशोबाने 'पिंजरा' मोकळा होईल १ जानेवारी २०३३ला. 'सामना' २०३६ला. 'सिंहासन' २०४०ला. अण्णा १९६२चे आहेत, वजाबाकी तुम्ही करा.

हक्कांच्या अर्ध्या कारणाचीही चव मी घेतली आहे. गेल्या वर्षी आम्ही सात-आठ जणांनी सांगलीत एका छोट्या हॉलमध्ये लागूंचे तीन जुने चित्रपट दाखवायचं ठरवलं. तिकीट नाही, खुर्च्या चाळीस. परवानगी मागायची कुणाकडे, हे शोधायलाच पाच आठवडे गेले. एका चित्रपटाच्या मूळ निर्मात्याकडून हक्क कुणाकडे, त्यांच्याकडून कुणाकडे, अशी साखळी लागत गेली आणि शेवटच्या कडीला एक गृहस्थ फोनवर म्हणाले की हक्क बहुधा आमच्याकडेच आहेत, पण कागद बघावे लागतील. कागद त्यांनी अजून बघितलेले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी आकडा सांगितला तो ऐकून आमच्यातला एकजण म्हणाला, एवढ्यात आपण नवा सिनेमा काढू. तिसऱ्यांनी नकारही दिला नाही आणि होकारही. दाखवायला चांगली प्रत कुणाकडेच नव्हती, हे वेगळंच.

पुस्तकांचं असं होत नाही, बघा. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. लागूंचं 'लमाण' हे आत्मचरित्र आजही विकत मिळतं. म्हणजे भूमिका कशी घडली ते वाचायला मिळतं आणि भूमिका बघायला मिळत नाही. चित्रपटांसाठी त्या धर्तीचा, संग्रहालयात प्रत द्यायलाच लावणारा कायदा नाही. पुण्याला १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर. २०२२पासून ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. तिथे जे जपलं जातं त्याबद्दल कृतज्ञ राहावं असंच काम आहे. पण जपणं आणि बघायला मिळणं यांत जो रस्ता लागतो तो बांधण्याचं काम कुणाच्या टेबलावर आहे, हे मला दिसत नाही. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. आपले पैसे आहेत ते. त्या बदल्यात एवढीच अट घाला की दहा वर्षांनी हा सिनेमा ज्याला बघायचा त्याला योग्य प्रतीत, पूर्ण श्रेयनामावलीसह, मराठी सबटायटलसह कुठेतरी मिळालाच पाहिजे. पैसे घेऊन मिळाला तरी चालेल. आम्ही देऊ.

"पण जुनं बघतं कोण?" हा पुढचा प्रश्न, आणि विचारणारे स्वतःला फार व्यवहारी समजतात. २०२४ साली श्याम बेनेगलांचा १९७६चा 'मंथन' नव्यासारखा करून कानला दाखवला आणि जूनच्या सुरुवातीला देशभरच्या थिएटरांत लावला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ते काम केलं. त्याला पैसा कुणी दिला? गुजरातच्या दूध उत्पादकांच्या सहकारी महासंघाने. मूळ सिनेमाही पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून केला होता, तेव्हा आपली वस्तू आपण जपायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. सत्यजित रायांच्या अपूच्या तीन चित्रपटांच्या निगेटिव्ह १९९३ला लंडनच्या प्रयोगशाळेच्या आगीत जळाल्या, तरी त्यातून २०१५ला ते तिन्ही उभे केले गेले. जळालेलं परत येतं, आपलं तर नुसतं अडगळीत पडलंय.

आता सहकाराचा विषय निघालाच आहे तर कृष्णा-वारणेच्या काठाने बघा. आपल्या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने किती, त्यांच्या शताब्द्या, सुवर्णमहोत्सव, पुतळे, प्रवेशद्वारं, फ्लेक्स किती. यातल्या एका गळीत हंगामाच्या जाहिरातखर्चात एक चित्रपट धुऊनपुसून निघेल, असा माझा अंदाज आहे. आता 'सामना' हा नेमका साखर कारखानदाराने दडपलेल्या खुनाबद्दल आहे, हे मला कळतं. दुधवाल्यांचं सोपं होतं, 'मंथन' त्यांच्या बाजूचा होता. तरी मी म्हणते मागून बघा. जो चेअरमन 'सामना'साठी चेक फाडेल त्याला मी पुढच्या निवडणुकीत मत देईन, आमची शेअर्सची पावती अजून आहे.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, हे तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं. साताऱ्यात कुठल्याही व्यासपीठावर लागूंचं नाव निघालं की "आमच्या मातीतले" म्हणून टाळ्या पडतात, १६ नोव्हेंबर १९२७, जन्म सातारा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत लागूंचा एक अख्खा मराठी सिनेमा पाहिला, हात वर करा. 'पिंजरा'चा शेवट आठवतो का? आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने गावातून नाहीसा होतो, गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं, पूजा करतं, आणि तोच गुरुजी दुसऱ्या नावाने समोर आला की त्याला त्याच गुरुजीचा खुनी ठरवून फाशी होते. (शेवट सांगितला म्हणून रागावू नका. पन्नास वर्षं झाली, आणि नाहीतरी तुम्हाला बघायला कुठे मिळणार होता?) शांतारामबापूंनी ही गोष्ट १९३०च्या एका जर्मन चित्रपटावरून घेतली, पण ते पुतळ्याचं गाव मला आपल्याच भागातलं वाटत आलं आहे.

अॅपवाल्या कंपन्यांना वेगळं सांगायचं ते थोडं आहे. मराठी म्हणून एक कप्पा ठेवता, त्यात गेल्या पाच-सहा वर्षांचा माल भरता, आणि मराठी प्रेक्षक वाढत नाही म्हणून तक्रार करता. देवनागरीत सर्च चालू करा. नटांची पूर्ण नावं भरा. 'सिंहासन'मधले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे कोण आहेत, हे ज्या यादीत नाही ती यादी मराठी सिनेमाची नाही. याला फार खर्च नाही. एक मराठी येणारा पदवीधर सहा महिने बसवलात तर होईल, आणि सांगलीत असे पदवीधर मुबलक आहेत, बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत.

तुम्हाला, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्यांना, मी जुन्या काळाच्या आठवणीने गळा काढायला सांगत नाही. तो काळ मी पाहिलेलाही नाही. मला ग्राहक म्हणून भांडायचंय. महिन्याला पैसे आपण भरतो. प्रत्येक अॅपमध्ये 'हा चित्रपट हवा' असं कळवायची सोय कुठेतरी खोल पुरलेली असते, ती खणून काढा आणि 'सामना' लिहा. आणि एक कायदा वाचून ठेवा. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ असं सांगतं की प्रसिद्ध झालेली भारतीय कृती मालकाने पुन्हा उपलब्ध करायला किंवा जाहीर दाखवायला नकार दिला, आणि त्या नकारामुळे ती लोकांपासून अडून राहिली, तर योग्य मोबदला ठरवून सक्तीने परवाना मिळवण्यासाठी दाद मागता येते. त्याला जोडून ३१-अ आहे, मालकच सापडत नसेल त्या बाबतीत. पहिल्या कलमात अडचण 'नकार' या शब्दाची आहे. आमच्या गृहस्थांनी कागद बघतो म्हटलं, नाही म्हटलं नाही.

म्हणून आता आम्ही लेखी विचारतो आहोत. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, तिघांनाही. पत्राचा मसुदा अण्णांनी केला, अक्षर त्यांचं अजून पाटीवरच्यासारखं आहे. तीन ओळींचं पत्र आहे: चाळीस खुर्च्या, एक प्रयोग, मोबदला कळवावा, नकार असल्यास तसं लेखी द्यावं. एक पोचपावती परत आली आहे, सही वाचता येत नाही. बाकी दोन पत्रं अजून वाटेत आहेत.